तिकीट मतदारांनी द्यायचं ठरलं, तर मतपत्रिका किती तऱ्हेच्या छापायच्या?

विधानसभेची निवडणूक लागली की अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत आपल्याकडे एकच चर्चा असते: एबी फॉर्म कुणाला मिळाला? पक्षाच्या सहीशिक्क्याचा तो कागद ज्याच्या हातात पडला तो अधिकृत उमेदवार. ज्याला मिळाला नाही तो नाराज, आणि फारच नाराज असला तर बंडखोर. या सगळ्यात मतदाराला कुणी काही विचारत नाही. त्याचं काम नंतर, बटण दाबण्यापुरतं.

अमेरिकेत हा एबी फॉर्म जणू मतदारच देतात. मुख्य निवडणूक नोव्हेंबरात होते. त्याआधी काही महिने जवळपास प्रत्येक राज्यात पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवण्यासाठी वेगळं मतदान होतं, त्याला प्रायमरी म्हणतात. डेमोक्रॅटिक पक्षाचे पाच इच्छुक असतील तर त्यांची आपसात लढत, रिपब्लिकन पक्षाचे चार असतील तर त्यांची वेगळी. जिंकेल त्याला तिकीट. हरलेल्याने ‘मग अपक्ष उभा राहतो’ म्हणायचं ठरवलं तर बहुतेक राज्यांत त्यालाही कायद्याने वाट बंद आहे. आपल्याकडे असा कायदा आला तर अर्ध्या मतदारसंघांतली गंमतच जाईल.

प्रायमरीबद्दल आपण वाचतो ते बहुधा कोण पुढे, कोण मागे एवढंच. पण हे मतदान ज्या कागदावर होतं तो कागद तयार करणं हे निवडणूक कार्यालयाचं सगळ्यात किचकट काम. मुख्य निवडणुकीची मतपत्रिका त्यामानाने सोपी. ते का, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

तिकीट म्हणजे खरोखरच तिकीट होतं

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बराच काळ सरकार मतपत्रिका छापतच नसे. प्रत्येक पक्ष आपापल्या उमेदवारांच्या नावांची चिठ्ठी छापून मतदारांना वाटायचा. या चिठ्ठीला तिकीट म्हणत. मतदाराने ती नेऊन पेटीत टाकायची. पक्षांच्या चिठ्ठ्यांचे रंग आणि आकार वेगळे असायचे, त्यामुळे कुणी कुणाला मत दिलं ते गर्दीतल्या माणसालाही लांबून दिसायचं, आणि ज्याने पैसे दिलेत त्यालाही. आपण आज सहज ‘अमक्याला तिकीट मिळालं’ म्हणतो, त्या शब्दाच्या पोटात ही चिठ्ठी आहे.

१८५६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी दुसरी पद्धत आणली. सरकारी खर्चाने छापलेला एकच कागद, त्यावर सगळ्या उमेदवारांची नावं, आणि खूण आडोशाला जाऊन करायची. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने १८८८ मध्ये ती स्वीकारली आणि मग राज्यामागून राज्य त्या वाटेने गेलं. १९०३ मध्ये विस्कॉन्सिनने पुढची उडी मारली. पक्षाचे उमेदवार नेत्यांच्या बैठकीत नव्हे, तर राज्यभर थेट मतदानाने निवडायचे, असा कायदा तिथे झाला.

यातून एक विचित्र गोष्ट जन्माला आली. उमेदवार कोण हा पक्षाचा घरगुती प्रश्न, पण त्यासाठीचा कागद मात्र सरकारी. टेक्सासमध्ये आजही प्रायमरी भरवण्याची जबाबदारी कागदोपत्री पक्षाची आहे. बाकी बहुतेक ठिकाणी ती काउंटीच्या निवडणूक कार्यालयाची. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. देशात अशा तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत. आपल्यासारखा सगळ्या देशाची निवडणूक घेणारा एक आयोग तिथे नाही. पन्नास राज्यांचे पन्नास कायदे, आणि प्रत्यक्ष कागद छापून घेणारी माणसं काउंटीतली.

पत्ता गुणिले पक्ष

आपल्याकडे लोकसभेला मशीनवर एकाच पदाची नावं असतात. अमेरिकेत एकाच कागदावर खासदार, राज्याचा सिनेटर, राज्याच्या सभागृहाचा प्रतिनिधी, काउंटीचा शेरीफ, न्यायाधीश, शाळा मंडळाचे सदस्य, कुठे पाणीपुरवठा मंडळाचे संचालक अशी रांग लागते. यातल्या प्रत्येक पदाची हद्द वेगळी. खासदाराची हद्द एका ओढ्यापाशी संपते, शाळा मंडळाची त्याच्या अलीकडच्या रस्त्यापाशी, नगरपालिकेची आणखी कुठे. या सगळ्या रेघा नकाशावर एकमेकींवर ठेवल्या की काउंटीचे लहान लहान तुकडे पडतात. एका तुकड्यातल्या सगळ्या घरांना तोच कागद, शेजारच्या तुकड्याला वेगळा. रस्त्याच्या समोरासमोरच्या दोन घरांत वेगवेगळ्या मतपत्रिका येणं तिथे रोजचं आहे. या प्रत्येक नमुन्याला कार्यालयातली माणसं ‘बॅलट स्टाइल’ म्हणतात.

समजा, अशा रेघांनी एका काउंटीचे ३०० तुकडे झाले. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीला ३०० नमुने लागतील. प्रायमरीला डेमोक्रॅटांचा वेगळा आणि रिपब्लिकनांचा वेगळा, म्हणजे ६००. कोणत्याच पक्षात नाव न नोंदवलेल्यांनाही न्यायाधीश किंवा शाळा मंडळासाठी मत द्यायचं असतं, त्यांचा तिसरा कागद धरला तर ९००. नावांचा क्रम ठिकठिकाणी फिरवायचा असला (त्याबद्दल पुढे), दुसरी भाषा लागली, तर आकडा पुन्हा फुगतो. हे आकडे माझे, समजावण्यापुरते. हिशेबाची रीत मात्र हीच.

आता हा गुणाकार कुठे चुकला तर काय होतं ते पाहा. ॲरिझोनातल्या पिनाल काउंटीत ऑगस्ट २०२२ च्या प्रायमरीसाठी टपालाने मतपत्रिका गेल्या. त्यातल्या सुमारे ६३ हजार कागदांवर नगरपालिकांच्या लढतींचा घोळ होता. शहरात राहणाऱ्यांच्या कागदावर शहराची निवडणूकच नाही, आणि हद्दीबाहेरच्या काहींच्या कागदावर ती आहे. शेवटी नगरपालिकांपुरती वेगळी पुरवणी मतपत्रिका छापून पाठवावी लागली. एवढ्यावर भागलं नाही. मतदानाच्या दिवशी काही केंद्रांवर मतपत्रिका संपल्या आणि लोक ताटकळले.

मतपत्रिका संपणं ऐकायला बावळटपणाचं वाटतं. पण प्रायमरीत अंदाज बांधणं खरंच अवघड आहे. ॲरिझोनात कोणत्याच पक्षात नोंद नसलेला मतदार राज्याच्या प्रायमरीत येतो आणि ‘मला या पक्षाचा कागद द्या’ म्हणतो. तो कोणता मागेल हे त्या दिवशीच्या हवेवर. गठ्ठ्यात एकूण कागद पुरेसे असतील, पण या केंद्राचा, या पक्षाचा, नेमका हा नमुना? लग्नात पाचशे पानांचा स्वयंपाक केलाय, आणि ऐनवेळी चारशे जण म्हणाले आम्हाला उपासाचं वाढा, अशातली गत. म्हणून आता बऱ्याच काउंट्यांनी केंद्रावरच छपाईयंत्र ठेवायला सुरुवात केली आहे. मतदाराचा पत्ता आणि पक्ष पाहायचा आणि त्याचा कागद तिथल्या तिथे छापायचा.

कुणाच्या हातात कोणता कागद?

इथे राज्याराज्यांची तऱ्हा इतकी वेगळी आहे की अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहायला गेलेली माणसंही गोंधळतात.

फ्लोरिडा, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया इथे प्रायमरी ‘बंद’ असते. मतदारयादीत तुमच्या नावापुढे पक्ष लिहिलेला असतो आणि त्याच पक्षाचा कागद मिळतो. नोंद नसेल तर पक्षाच्या लढतीत मत नाही. टेक्सास आणि जॉर्जियात यादीत पक्ष नोंदवण्याची भानगडच नाही. केंद्रावर जायचं, कोणत्या पक्षाचा कागद हवा ते सांगायचं, एकच घ्यायचा.

मिशिगनची ऑगस्टमधली प्रायमरी मला जास्त रंजक वाटते. तिथे दोन्ही पक्ष एकाच कागदावर, शेजारी शेजारी रकान्यांत छापलेले असतात. कोणत्या पक्षाच्या लढतीत भाग घ्यायचा ते मतदाराने आडोशाला गेल्यावर ठरवायचं, कुणाला सांगायचं नाही. फक्त एक अट: एका पक्षाच्या रकान्यात खुणा केल्या की दुसऱ्यात करायच्या नाहीत. राज्यपालासाठी डेमोक्रॅट आणि खासदारासाठी रिपब्लिकन असं केलंत तर पक्षाच्या सगळ्या लढतींतली तुमची मतं बाद. कागदाच्या एका बाजूला ही सूचना छापलेली असते, तरी चुका होतात. याच तऱ्हेच्या कागदावर एक मराठी नाव अनेकदा छापलं गेलं आहे. मूळचे बेळगावकडचे श्री ठाणेदार २०१८ मध्ये राज्यपालपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत उभे होते, तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटकडच्या १३ व्या मतदारसंघात खासदारकीसाठी नऊ इच्छुकांत ते जवळपास २८ टक्के मतांवर जिंकले. नऊ नावांच्या रकान्यात मतं अशीच विखुरतात, आणि म्हणूनच रकाना कसा मांडलाय याला महत्त्व येतं.

कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी पक्षांच्या भिंतीच पाडल्या आहेत. कॅलिफोर्नियात २०१० च्या जनमतानंतर, २०१२ पासून, खासदारकी, राज्यपालपद वगैरेंसाठी सगळ्या पक्षांचे सगळे इच्छुक एकाच यादीत येतात आणि पहिले दोघे नोव्हेंबरात लढतात, दोघे एकाच पक्षाचे असले तरी. मतदाराला हे सोपं. मतपत्रिका मांडणाऱ्याला मात्र घाम फोडणारं. २०१६ मध्ये अमेरिकी सिनेटच्या एका जागेसाठी ३४ नावं होती. ती एका उभ्या रकान्यात बसवणं जिकिरीचं, आणि दोन रकान्यांत मोडली की मतदाराला वाटतं या दोन वेगळ्या निवडणुका आहेत, म्हणून तो दोन्हीकडे एकेक खूण करतो. झालं, मत बाद.

आणि त्यातही पेच असा की राष्ट्राध्यक्षपदाला ही पद्धत लागू नाही. तिथे कॅलिफोर्नियातही पक्षाचा कागद वेगळाच. मार्च २०२० मध्ये पन्नास लाखांहून जास्त मतदार कोणत्याच पक्षात नोंदलेले नव्हते. त्यांना घरी आलेल्या कागदावर राष्ट्राध्यक्षपदाची लढतच नव्हती. काही पक्ष अशा मतदारांना आपला कागद देतात, पण तो मागून घ्यावा लागतो. मागितला नाही, तर पाकीट उघडून मतदार विचारतो, ‘अहो, बायडेन-सँडर्स कुठे आहेत?’ याच राज्यात ‘अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी’ नावाचा एक कडवा उजवा पक्ष आहे. ‘इंडिपेंडंट’ म्हणजे अपक्ष असं समजून असंख्य लोकांनी फॉर्मवर त्यावर खूण केली होती. २०१६ मध्ये एका वृत्तपत्राने पाहणी केली तेव्हा आपण त्या पक्षाचे सदस्य आहोत हे बहुतेकांना ठाऊकच नव्हतं. फॉर्मवरची एक चौकट चुकली की दोन वर्षांनी भलताच कागद घरी येतो.

पहिलं नाव कुणाचं?

आपल्या मतदान यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात वर्णानुक्रम. शिवाय चिन्ह असतं, फोटो असतो. नाव कितव्या ओळीवर आहे याने आपल्याला फार फरक पडत नाही, कारण बोट चिन्ह शोधत जातं.

अमेरिकेतल्या बहुतेक मतपत्रिकांवर उमेदवाराचं चिन्ह नाही, फोटो नाही. मुख्य निवडणुकीत निदान नावापुढे पक्ष लिहिलेला असतो, तेवढा आधार. प्रायमरीत तोही जातो, कारण सगळे एकाच पक्षाचे. खालच्या पदांसाठी तर मतदाराने यातलं एकही नाव ऐकलेलं नसतं. मग हात पहिल्या नावावर थबकतो. डॅनियल हो आणि कोसुके इमाई या दोन अभ्यासकांनी कॅलिफोर्नियाच्या १९७८ ते २००२ च्या निवडणुका तपासल्या. मुख्य निवडणुकीत मोठ्या पक्षांच्या उमेदवारांना पहिल्या जागेचा विशेष फायदा दिसला नाही. प्रायमरीत मात्र तो सगळ्यांनाच होता. मोठ्या पक्षांच्या उमेदवारांना साधारण एक ते तीन टक्के मतं फक्त जागेमुळे.

हे कॅलिफोर्नियातच तपासता आलं, कारण तिथे क्रम चिठ्ठ्या काढून ठरतो. पूर्वी काही ठिकाणी पदावर असलेल्याचं नाव आधी, मग बाकीचे वर्णानुक्रमे असा नियम होता. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. तेव्हापासून निवडणुकीआधी इंग्रजीची २६ अक्षरं एका फिरत्या पिंजऱ्यातून एकेक करून काढतात, हौजीच्या सोंगट्यांसारखी. ज्या क्रमाने निघतील ती त्या निवडणुकीची बाराखडी. २००३ मध्ये राज्यपालांना परत बोलावण्याच्या निवडणुकीत (ती प्रायमरी नव्हे, पण सोडत हीच) ‘आर’ पहिलं निघालं, मग ‘डब्ल्यू’, मग ‘क्यू’. एकूण उमेदवार १३५. आडनाव ‘एल’ने सुरू होणारे बिचारे तळाला, कारण ते अक्षर सगळ्यात शेवटी आलं.

सोडतीतही कुणीतरी राज्यभर पहिला राहणारच. म्हणून राज्यव्यापी पदांसाठी क्रम फिरवतात. राज्याच्या विधानसभेचे ८० मतदारसंघ आहेत. पहिल्यात सोडतीचा क्रम, दुसऱ्यात पहिलं नाव उचलून तळाला, तिसऱ्यात पुन्हा तसंच. ओहायोत तर नावं फिरवायची हे थेट राज्यघटनेतच लिहून ठेवलंय. टेक्सासमध्ये काउंटीतल्या पक्षाध्यक्षाने चिठ्ठ्या काढायच्या, त्यात वर आलं ते वर राहिलं. मला यात ओहायोची रीत सर्वांत न्याय्य वाटते, आणि छापखान्याच्या दृष्टीने सर्वांत वैतागाची. कारण नाव फिरलं की नमुना वाढला, आणि मतं मोजणाऱ्या यंत्राला प्रत्येक नमुन्यात ‘तिसऱ्या ओळीवरचा गोल कुणाचा’ हे वेगळं शिकवावं लागतं.

कागद आधी, राजकारण नंतर

आता घड्याळ. फौजेतले आणि परदेशात राहणारे अमेरिकी नागरिक यांना संघीय पदांच्या निवडणुकीत मतपत्रिका मतदानाच्या किमान ४५ दिवस आधी पाठवल्या पाहिजेत, असा संघीय कायदा २००९ पासून आहे. अमेरिकी पासपोर्ट घेऊन पुण्यात किंवा नाशकात येऊन राहिलेले कितीतरी मराठी निवृत्त लोक या कायद्याखाली येतात. प्रायमरी ५ मार्चला असेल तर पहिले कागद २० जानेवारीला बाहेर. त्याआधी छपाई, त्याआधी प्रूफ, त्याआधी उमेदवारांची यादी पक्की. म्हणजे प्रचार ऐन रंगात यायच्या आत कागद गोठलेला असतो.

कोलोराडोत हे फार ठळक दिसलं. १९ डिसेंबर २०२३ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की डोनाल्ड ट्रम्प यांचं नाव रिपब्लिकन प्रायमरीच्या मतपत्रिकेवर येऊ शकत नाही. पण त्याच निकालात ४ जानेवारीपर्यंत स्थगितीही दिली. ४ जानेवारीच का? कारण ५ जानेवारी हा यादी पक्की करण्याचा दिवस होता. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, स्थगिती कायम राहिली, नाव छापलं गेलं. अंतिम निकाल आला ४ मार्चला, ट्रम्प यांच्या बाजूने. मतदान ५ मार्चला. तोवर टपालाने आलेल्या मतपत्रिकांचे गठ्ठे कार्यालयात जमा झाले होते. निकाल उलटा लागला असता तर त्या छापलेल्या नावाचं काय, हा प्रश्न प्रत्येक काउंटीला आदल्या रात्री पडला असता.

उमेदवाराने माघार घेतली तरी हेच. २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे डेमोक्रॅटिक इच्छुक पीट बुटेजज १ मार्चला आणि एमी क्लोबुशार २ मार्चला बाहेर पडले. ३ मार्चला चौदा राज्यांत मतदान होतं. दोघांची नावं कागदावर जशीच्या तशी, आणि ज्यांनी आधीच टपालाने मत दिलं होतं त्यांचं मत वाऱ्यावर. निक्की हेली यांनी ६ मार्च २०२४ ला माघार घेतली, तरी मे महिन्यात इंडियानाच्या रिपब्लिकन प्रायमरीत त्यांना २१ टक्क्यांहून जास्त मतं पडली. प्रचार नाही, सभा नाही, फक्त कागदावरचं नाव. त्याआधी फेब्रुवारीत नेवाडात त्यांची वेगळीच फजिती झाली होती. तिथे मतपत्रिकेवर ‘यांपैकी कोणीही नाही’ हा पर्याय १९७० च्या दशकापासून आहे, म्हणजे आपल्या ‘नोटा’च्या कितीतरी आधीपासून. ट्रम्प त्या कागदावर नव्हतेच, ते पक्षाच्या वेगळ्या बैठकांत उतरले होते. ‘कोणीही नाही’ने हेलींना दणदणीत हरवलं.

याच्या उलटही घडतं. जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या डेमोक्रॅटिक मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांचं नावच नव्हतं, कारण तारखेवरून पक्षाचं आणि राज्याचं भांडण. लोकांनी तळाच्या रिकाम्या ओळीवर हाताने नाव लिहून त्यांना जिंकवलं. ही रिकामी ओळ बहुतेक मतपत्रिकांवर असते. यंत्राला फक्त तिथे काहीतरी लिहिलंय एवढं समजतं. अक्षर माणसाने लावायचं, आणि स्पेलिंगच्या तऱ्हा सांभाळून घ्यायच्या.

भाषांचं थोडक्यात. एखाद्या भागात इंग्रजी नीट न येणारे, एका भाषक समाजाचे मतदार कायद्यातल्या मर्यादेहून जास्त असले, की त्या भाषेत मतपत्रिका द्यावी लागते. ही तरतूद १९७५ ची. भारतीय मंडळींची गणना एकच गट म्हणून होते आणि भाषा कोणती ते स्थानिक पातळीवर ठरतं. २०११ नंतर न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगाली आली, शिकागोच्या कुक काउंटीत हिंदी. म्हणजे अमेरिकेतल्या मतपत्रिकेवर देवनागरी पोहोचली आहे. मराठी नाही. न्यू जर्सीतल्या गणेशोत्सवाची गर्दी पाहून कुणाला वाटेल की आता येईलच, पण त्या गर्दीतल्या बहुतेकांना इंग्रजी उत्तम येतं, आणि कायदा तेच विचारतो.

गोल, काळ्या पट्ट्या आणि पाच मतांची गंमत

तयार मतपत्रिका हातात घेतली तर नावापुढे एक रिकामा लंबगोल दिसतो आणि कडेला काळ्या छोट्या पट्ट्यांची रांग. त्या पट्ट्या यंत्रासाठी. त्यांच्यावरून यंत्र मोजतं की इतक्या ओळी खाली, इतके रकाने उजवीकडे, तिथला गोल काळा आहे का. यंत्र नाव वाचत नाही. त्याला फक्त जागा कळते. कागदावर कुठेतरी एक सांकेतिक खूण असते, तिच्यावरून हा कोणता नमुना ते ओळखायचं आणि मग जागेचं नाव लावायचं. म्हणून कागद जाड, एकसारख्या वजनाचा लागतो आणि छपाई केसभर सरकून चालत नाही.

ऑरेगनमधल्या क्लॅकमस काउंटीत मे २०२२ च्या प्रायमरीत ही सांकेतिक खूणच पुसट छापली गेली. नावं स्पष्ट, गोल स्पष्ट, मतदाराला काही खटकलंच नाही. यंत्राने मात्र कागदांमागून कागद परत फेकले. मग काउंटीतल्या इतर खात्यांची माणसं बोलावली गेली. एकेका मतपत्रिकेवरची मतं हाताने नव्या, नीट छापलेल्या कागदावर उतरवायची आणि तो यंत्रात घालायचा. हे हजारो वेळा. खासदारकीची चुरशीची लढत त्या काउंटीवर अडली होती आणि सगळं राज्य वाट पाहत बसलं.

अशा चुका आधीच पकडण्यासाठी चाचणी असते. राजकीय पक्षांना आणि लोकांना ती पाहता येते. तिच्यातली युक्ती मला फार आवडते. चाचणीसाठी मुद्दाम खुणा केलेल्या मतपत्रिकांचा गठ्ठा तयार करतात: पहिल्या उमेदवाराला एक मत, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, असं. सगळ्यांना पाच-पाच दिली असती तर यंत्रात दोन नावांची अदलाबदल झाली तरी बेरीज बरोबरच दिसली असती. आकडे वेगवेगळे ठेवले की अदलाबदल लगेच उघडी पडते. गठ्ठ्यात काही कोरे कागद घालतात, काहींवर एकाच पदासाठी दोन खुणा, काहींवर हाताने लिहिलेली नावं. यंत्र प्रत्येकाला काय म्हणतं ते पाहायचं.

पण हे गणित डोळ्यांचं काम करत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या लुझर्न काउंटीत मे २०२१ च्या प्रायमरीत रिपब्लिकन मतदारांसमोरच्या स्क्रीनवर उमेदवार रिपब्लिकनच होते, पण वर मथळा आला ‘अधिकृत डेमोक्रॅटिक मतपत्रिका’. तयारीतली साधी मानवी चूक, मतं योग्य माणसांच्या खात्यावर पडणार होती. बेरजेची चाचणी असल्या मथळ्याकडे बघत नाही. त्याला प्रूफ वाचणाराच लागतो, शीर्षकासकट वाचणारा. छापखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा, सर्वांत मोठ्या अक्षरातली चूक सर्वांत शेवटी दिसते.

आणि चाचणी झाली की ती पुसायचीही असते. जून २०२१ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदाच्या प्रायमरीत पसंतीक्रमाची पद्धत नवीन होती, पाच उमेदवारांपर्यंत क्रम लावायचा. निवडणूक मंडळाने प्राथमिक निकाल जाहीर केला आणि काही तासांत मागे घेतला. चाचणीसाठी घातलेल्या सुमारे १ लाख ३५ हजार मतपत्रिकांच्या नोंदी यंत्रणेतून काढायच्याच राहिल्या होत्या, आणि त्या खऱ्या मतांत मिसळून मोजल्या गेल्या.

मोजणी, फेरमोजणी, कज्जे सगळं संपलं की वापरलेल्या मतपत्रिका खोक्यांत भरून सीलबंद होतात. संघीय पदं असलेल्या निवडणुकीचे, प्रायमरीचेसुद्धा, कागद २२ महिने जपून ठेवावे लागतात, असा १९६० पासूनचा कायदा आहे. टेक्सासची प्रायमरी ५ मार्च २०२४ ला झाली, म्हणजे तिथली खोकी हलवायची मोकळीक ५ जानेवारी २०२६ पासून. त्यानंतरची प्रायमरी ३ मार्च २०२६ ची. तिचे परदेशी जाणारे पहिले कागद १७ जानेवारीपर्यंत टपालात पडणं गरजेचं. रॅक रिकामा राहतो तो जेमतेम बारा दिवस.